सासुरवाडीच्या तळ्याचं पाणी

ज्या हातानं बाटलीखेरीज कशालाही शिवायचं नव्हतं, त्याच हातानं मी कपाळ पुसलं.

ऊन रणरणत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता आणि कपाळावर सासूबाईंनी नुकतंच लावलेलं कुंकू होतं. हातमोजा लालसर झाला हे मला दिसलंसुद्धा नाही. दिसलं असतं तरी फारसं काही घडलं नसतं, कारण मोज्यांची दुसरी जोडी गाडीत होती, गाडी बांधाच्या पलीकडे होती आणि माझे दोन्ही पाय तळ्यात होते. शेजारी माझे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, लांब दांडा धरून उभे होते. त्यांनी कपाळ पुसताना मला बघितलं होतं. पण त्यांना वाटलं, हाही त्या विधीचाच भाग असेल. सकाळपासून मी त्यांना इतके नियम ऐकवले होते की त्यात एक कपाळ सहज खपून गेलं.

मी नगरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. म्हणजे वर्षानुवर्षं तेच तेच फळ्यावर लिहितो. हातानं काही करायची वेळ आली की आमच्या घरात आधी काचेच्या वस्तू उचलून ठेवतात. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र मात्र खरोखरचा शास्त्रज्ञ झाला. तो पुण्यात एका प्रयोगशाळेत तळ्या-नद्यांच्या पाण्यातला पारा मोजतो. पाण्यात पारा असला तरी तो एवढा कमी असतो की पाणी घ्यायच्या बाटलीलाच कुणाचा हात, श्वास, धूळ लागली तर पाण्याऐवजी माणूसच मोजला जातो. "तू बाटलीवर नुसता खोकलास तरी माझ्या मशीनला तुझी दाढ कळेल," असं तो म्हणायचा. माझ्या दाढेत जुन्या पद्धतीची चांदी भरलेली आहे, आणि त्या चांदीत पारा असतो.

त्याला आपल्या जिल्ह्यातली अशी काही तळी हवी होती, ज्यांच्या पाण्यात पालापाचोळा कुजून पाणी चहासारखं झालंय. पारा आणि हे कुजकं पाणी यांचं काय नातं आहे, ते त्याला बघायचं होतं. मी लगेच सासुरवाडीचा पाझर तलाव सुचवला. घोडेगावच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की मेव्हण्यांच्या शेताला लागूनच तो आहे. मेव्हण्यांनी तो मासे सोडायला ठेक्यानं घेतला होता. ऊस तुटला की ते पाचट त्यात ढकलायचे. त्यानं मासा पोसतो, असं त्यांचं मत. पाणी अगदी कोऱ्या चहाच्या रंगाचं. आणि रविवारी तिकडं गेलं की जेवण मिळतं, हा मुद्दा मी मित्राला सांगितला नाही.

पाणी घ्यायची रीत मात्र मला मनापासून आवडली होती. माणसं दोन लागतात. एकाचे हात 'स्वच्छ', दुसऱ्याचे 'घाण'. बाटली दोन पिशव्यांत बांधलेली असते. घाण हातानं बाहेरची पिशवी उघडायची, दांडा धरायचा, झाकणाचा डबा सरकवायचा, डास मारायचा, फोन घ्यायचा, म्हणजे जगातली सगळी कामं करायची. स्वच्छ हातानं फक्त आतली पिशवी आणि बाटली. मी ही रीत मेव्हण्यांना समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी सोवळंच की दाजी. आमच्या म्हातारीला आणा हितं, ती तुमच्याबी पुढची हाय."

"सोवळंच," मी म्हणालो.

"मग सोवळ्यात तुमी आनि ववळ्यात मी. लगीन झाल्यापासनं तसंच चाललंय आपलं."

आणखी एक बाटली असते, ती कोरी. तिच्यात तळ्याचं पाणी घ्यायचं नाही. प्रयोगशाळेतून आणलेलं अतिशुद्ध पाणी तळ्याच्या काठावर, त्याच हातांनी, त्याच वाऱ्यात तिच्यात ओतायचं आणि झाकण लावायचं. ती माणसावर नजर ठेवायला असते. कोऱ्या बाटलीत पारा निघाला तर तो तळ्याचा नाही, तुमचा.

मी पाणी ढवळू न देता उभा राहिलो, बाटली बुडवून विसळली, भरली, पाण्यातच झाकण लावलं. मग कपाळ पुसलं. मग कोरी बाटली भरली. मग कुजक्या पाण्यासाठी काळसर काचेच्या बाटल्या होत्या, त्यांत पिचकारीनं गाळून पाणी भरलं आणि सगळं बर्फाच्या डब्यात ठेवलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. जाताना मी मेव्हण्यांच्या नव्या रस्त्याचंही कौतुक केलं. पूर्वी तळ्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागायचं, आता गाडी थेट बांधापर्यंत येत होती. राखेसारखा करडा भराव टाकून, दाबून रस्ता केला होता.

"फुकटात झाला," मेव्हणे म्हणाले. "टेम्पोवाले जागा बघतच फिरत हुते. म्हन्लं, टाका हितं. त्यांचंबी काम झालं, माझंबी."

"कुठला माल?"

"कुन्या कारखान्याची राख का काय म्हनाले. आपल्याला काय, घट्ट बसतीय लई."

घरी पंगत वाढलेली होती. मेव्हण्यांची मुलगी, आमची भाची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागलेला. तिला डोहाळे लागले होते मरळ माशाचे, आणि तळ्यात मरळ भरपूर. मरळ ताकदीची असते, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला हीच द्यावी, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळे भाचीच्या ताटात रोज मरळीचा रस्सा, दुपारी आणि उरलाच तर संध्याकाळीही. सासूबाई स्वतः वाढायच्या आणि ताट पुसलं जाईपर्यंत उठायच्या नाहीत.

"मामा, तुम्ही डोकं घ्या, आज तुमचा मान," भाची म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला तिकडं मामाच म्हणतात.

मी डोकं घेतलं. आणखी दोनदा रस्साही घेतला. आमच्याकडं मासे करत नाहीत असं नाही, पण बायको म्हणते की काटे काढताना मी ताटाची रणभूमी करतो, म्हणून ती टाळते.

जेवताना घरची मांजर चुलीमागच्या भिंतीवरून उतरायला गेली आणि पडली. उठली, तिरकी तिरकी चालत भांड्याला धडकली. सगळे हसले.

"हिला चढलीय," मेव्हणे म्हणाले. "चार-आठ दिस झालं असंच चालू हाय हिचं. माशाची आतडी, डोकी खाऊन माजलीय निस्ती."

मीसुद्धा हसलो. माशाचं डोकं माझ्या हातात होतं.

मित्राचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. बाहेर येऊन घेतला. त्यानं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "तुझ्या कपाळावर काय होतं?"

मला वाटलं तो नशिबाबद्दल बोलतोय. मग कळलं, कोऱ्या बाटलीत पारा निघाला होता, आणि त्यानं बाटलीच्या झाकणावर लाल डाग बघितला होता. पूर्वी कुंकवात हिंगूळ घालत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचंच खनिज. सासूबाईंचं कुंकू घोडेगावच्या बाजारात पुडीनं मिळतं, तिच्यात काय असतं ते पुडी करणाऱ्यालाच माहीत. त्यानं मला चिमूटभर पाठवायला सांगितलं. मी नंतर पाठवलं. निघाला त्यात पारा.

"म्हणजे सगळंच वाया?" मी त्याच फोनवर विचारलं.

"तुझ्या बाटल्या वाया." तो थोडा थांबला. "पण एक सांगू? कोरी बाटली घाण आहे हे खरं. तळ्याची बाटली तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घाण आहे. एवढं सगळं तुझ्या कपाळावरून आलं असेल असं मला वाटत नाही. आणि तो चहा बघितलास ना? पारा एकटा पाण्यात फारसा राहत नाही, खाली बसतो. पण कुजका पालापाचोळा पाण्यात विरघळला असेल तर पारा त्याला धरून राहतो. पारा प्रवासी आणि हा चहा त्याची एसटी. तळाच्या चिखलात जंतू त्याचं असं रूप करतात, जे अंगातून लवकर बाहेर पडत नाही. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मरळीत. चढत जातो तो. परत पाणी घे, या वेळी मासाही पाठव. आणि तोवर त्या तळ्यातलं कुणी खात असेल तर थांबव. पोटुशी बाई असेल तर आजच थांबव. आईच्या अंगातून तो थेट बाळाच्या मेंदूपर्यंत जातो."

मी त्याच दिवशी मेव्हण्यांना फोन केला. फोन स्पीकरवर होता, घरात सगळे होते. मी सांगायला सुरुवात केली, पण सुरुवातच चुकली. आधी कुंकवाचं सांगितलं. माझ्या कपाळावरचं कुंकू बाटलीत गेलं आणि पुण्याच्या मशीननं ते ओळखलं, एवढं ऐकून तिकडं जो हशा उसळला, त्यात पुढचं सगळं बुडालं.

"दाजी, म्हंजी आमच्या म्हातारीचं कुंकूच पकडलं का मशीननं?"

"ऐका तरी. तळ्यातही जास्त आहे असं तो म्हणतोय. भाचीला मरळ देऊ नका काही दिवस."

"अवो, त्या मशीनला तुमचं कपाळ कुठलं आनि तळं कुठलं त्येच कळंना. तुमी परत घ्या पानी. कोरडं कपाळ घिऊन या."

पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, "पोरीच्या तोंडचा घास काढू नका म्हनावं जावयाला. सात म्हैन्याची बाई हाय ती."

मी फोन ठेवला. बायको भाजी निवडत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसली नव्हती.

"तुमचा मित्र नेमकं काय म्हणाला, ते शब्द न बदलता सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं. मग विचारलं, "ती मांजर कशी चालत होती, ते तुम्ही त्याला सांगितलं का?"

मी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, पाऱ्याचे मासे खाऊन आधी मांजरंच अशी तोल जाऊन पडतात, माणसांचं नंतर कळतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. घाण हात या वेळी बायकोचे. मेव्हण्यांना मुद्दामच टाळलं, ते घोडेगावच्या बाजाराला गेलेले असताना पोचलो. आम्ही निघतो म्हटल्यावर सासूबाई नेहमीसारखं ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, निरांजन. मी पाऊल मागं घेतलं. आमच्याकडं कुंकवाला कुणी मागं सरत नाही. सासूबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी काही लवकर विसरणार नाही. राग नव्हता तो. भीती होती. जावयानं कुंकू नाकारलं, आणि घरात पोटुशी पोर.

बायकोनं आईचा हात धरला. "आई, आल्यावर लाव. पाण्याकडं जाताना नाही, येताना लाव."

"असं कुठं असतं गं?"

"आजपासून असतं."

तळ्यावर पोचलो. या वेळी मी एवढा सावध होतो की श्वाससुद्धा मोजूनमापून घेत होतो. बायको माझ्यापेक्षा कितीतरी चांगली 'घाण हात' निघाली. पिशवी उघडली, मागं सरली, हात वर धरून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. तिच्या स्वयंपाकघरात मला शिवायची परवानगी असलेल्या वस्तू थोड्याच आहेत, त्यामुळे हा प्रकार तिला नवा नव्हता. कोरी बाटली भरली, तळ्याची भरली. एक मरळ मेव्हण्यांच्या गड्याकडून घेऊन बर्फात ठेवली.

मी झाकणं तपासत होतो आणि ती रस्त्याकडं बघत होती. रस्त्याकडेच्या पाइपलाइनला गळती होती. पाण्याची एक बारीक धार त्या करड्या भरावावरून वाहत, त्याला विरघळवत, सरळ तळ्यात उतरत होती. धार जिथं पाण्याला मिळत होती तिथं साय धरल्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"इकडं या," ती म्हणाली. "हे काय आहे?"

तिनं चपलेच्या टोकानं माती उकरली होती. आत पातळ काचेचे तुकडे, आतून पांढरी पूड लागलेले. आणि ॲल्युमिनियमची लहान टोपणं, प्रत्येकाला दोन पितळी खिळे. थोडं आणखी उकरलं तर आणखी निघाली. जिथं उकरावं तिथं.

"ट्यूबलाइटची टोकं आहेत ही," ती म्हणाली. "तुम्ही दर दिवाळीत एक फोडता. मी वेचलेली आहेत ही."

मी टोपण हातात घ्यायला वाकलो, मग आठवलं आणि हात मागं घेतला. ट्यूबलाइटच्या आत पाऱ्याची वाफ असते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. एका नळीत अगदी थोडा, नखाएवढाही नाही. पण इथं टेम्पोच्या टेम्पो भरून काय काय आणून ओतलं होतं, कुणास ठाऊक. ही राख कुठल्या कारखान्याची, त्या राखेत काय होतं, टेम्पो कुणाचे, आजतागायत कळलेलं नाही. मेव्हण्यांकडं नंबरही नव्हता. तेच जागा शोधत आले होते, तेच निघून गेले.

आमची गाडीही त्याच रस्त्यावर उभी होती. मला आठवलं, मी ह्या रस्त्याचं कौतुक केलं होतं.

"दादाला कोण सांगणार?" बायको म्हणाली.

"मी सांगतो."

"तुम्ही नका सांगू. तुमचं ऐकून तो हसेल, आणि त्याला हसायचंच आहे. आधी पोरीला इथून हलवते. मग बघू."

घरी आल्यावर तिनं आईसमोर जे केलं, ते बघून मला माझ्याच घराण्याची नव्यानं ओळख झाली. ती म्हणाली, "आमच्या सासरी रीत आहे. आठवा लागायच्या आत आत्यानं भाचीला घरी नेऊन ओटी भरायची आणि बाळंतपण होईपर्यंत ठेवून घ्यायची. नाहीतर आत्याच्या घराला दोष लागतो."

अशी रीत आमच्या घराण्यात कधीच नव्हती. माझ्या आईला कळलं असतं तर ती स्वर्गातून खाली उतरली असती. मी तोंड उघडलं.

"व्हय का हो जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"फार जुनी रीत आहे," मी म्हणालो.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. कुंकवाला मागं सरलेला माणूस आता रीतीचं सांगतोय, हे न कळण्याइतक्या त्या साध्या नाहीत. पण त्या उठल्या आणि भाचीची पिशवी भरू लागल्या. मरळीचा डबाही बांधायला घेतला, तेव्हा बायको म्हणाली, "मासे नको, आमच्याकडं ओटीच्या आधी चालत नाहीत." ही दुसरी रीत. मी मान हलवली. निघताना सासूबाईंनी मला कुंकू लावलं. मी लावून घेतलं. गाडी नजरेआड होईपर्यंत पुसलं नाही.

मांजर दारात पडली होती. उन्हात तिचे मागचे पाय आपोआप हलत होते. या वेळी कुणी हसलं नाही, कारण माझ्याखेरीज कुणी बघितलं नाही.

निकाल आला. कोरी बाटली स्वच्छ होती, अगदी हवी तशी. तळ्याची नव्हती. आणि मरळीतला आकडा मित्रानं फोनवर सांगितला नाही, कागद पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "तपासणी परत केली, तेच आलं." काळसर बाटलीतल्या पाण्याचंही त्यात होतं, कुजकं पाणी भरपूर, एसटी गच्च भरलेली. त्याच्या अभ्यासाला हवं होतं अगदी तसं तळं मिळालं होतं त्याला. त्यानं मला धन्यवादही दिले नाहीत, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मेव्हणे नगरला आले. बायकोनं त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला, मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि सांगितलं. कुंकवाचं नाव घेतलं नाही. रस्त्यापासून सुरुवात केली. ट्यूबची टोपणं तिनं एका पिशवीत आणून ठेवली होती, ती समोर ठेवली. मेव्हणे हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी त्या पिशवीला हातही लावला नाही.

"फुकटात मिळाला म्हनून घेतला," ते शेवटी म्हणाले. मग आतल्या खोलीकडं बघून हळू आवाजात, "तिला सांगितलं का?"

"थोडं सांगितलंय. मासे बंद का ते."

"रस्त्याचं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच राहिला.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी भाचीचं रक्त तपासायला पाठवलं. पारा होता, असावा त्यापेक्षा जास्त. पण त्या घाबरवणाऱ्या नव्हत्या आणि खोटा धीर देणाऱ्याही नव्हत्या. मासे खाणं थांबलंय हे बरं झालं, अंगातून हळूहळू कमी होईल, असं म्हणाल्या. बाळाचं काय, असं बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, जन्मल्यावर लगेच काही कळेलच असं नाही. बघत राहायचं. बघणं, ऐकणं, मान धरणं, वस्तू पकडणं. वेळेवर होतंय का ते.

मेव्हण्यांनी मासे विकणं बंद केलं, ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, पाइपलाइनची गळती बंद केली आणि रस्त्याच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकल्या. भराव उचलायचा तर न्यायचा कुठं, हे मात्र कुणी सांगेना. अर्ज गेले, माणसं येऊन बघून गेली. पावसाळ्यात त्या रस्त्याचं पाणी तळ्याशिवाय दुसरीकडं कुठं जाणार? मांजर मेली. तिला त्यांनी शेतात पुरलं. कुणाला सांगितलं नाही, पण सासूबाईंनी मला सांगितलं. माझ्याशी त्या हल्ली थोडं जास्त बोलतात.

मुलगा झाला. वजन चांगलं, रडला जोरात. बारशाला सगळे मेव्हण्यांच्या घरी जमले, पाळणा फुलांनी सजवला, बायकांनी पाळणा म्हटला. मेव्हणे कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, मुलीच्या सासरच्या पाहुण्यांशी नीट बोलत होते, पण बाळाजवळ येत नव्हते. कुणीतरी म्हणालं, आजोबांनी घ्या की नातवाला. त्यांनी घेतला, पटकन परत दिला.

मी मात्र पाळण्यापाशीच होतो. डाव्या बाजूनं चुटकी वाजवली, उजव्या बाजूनं वाजवली. मग गाडीची किल्ली काढली, त्याच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडं नेली. दहा-बारा दिवसांचं बाळ काय बघणार, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी नेली. सगळे म्हणाले, मामाआजोबांना नातवाचं वेड लागलंय. मी हसलो आणि किल्ली आणखी एकदा नेली. डोळे फिरले की पापणी हलली, मला ठरवता आलं नाही. माझा हातच जरा थरथरत होता. तो चहानं थरथरतो, वयानं की मरळीच्या त्या डोक्यानं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

परत येताना घोडेगाव मागं पडलं. मग बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुम्ही किल्ली हलवत होता तेव्हा पोरगी बाळाकडं बघत नव्हती. तुमच्या तोंडाकडं बघत होती. पुढच्या वेळी किल्ली माझ्याकडं द्या. माझ्या तोंडावरून कुणाला काही कळत नाही."